दोष किती खोल : हिंगोलीच्या भाड्याच्या घरांतील शहाबादी फरशी

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत, म्हणजे लाकडी तुळयांवर माती थापून सपाट छत केलेल्या घरांत, जमीन शेणाने सारवलेली असे, आणि प्रत्येक सारवणाबरोबर झिजलेला थर झाकला जाऊन त्यावर नवा थर चढत असल्यामुळे जमीन साफ करणे आणि ती नवी करणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. त्या वेगळ्या झाल्या त्या दगडी फरशीमुळे. आणि घर भाड्याचे असेल तर त्यांना खर्च कोणी सोसायचा हा तिसरा प्रश्न चिकटला. हिंगोली, वसमत, कळमनुरी या गावांत बदलीवर आलेले शिक्षक, सरकारी व बँक कर्मचारी आणि शिक्षणासाठी आलेली मुले ज्या घरांत राहतात, त्यांपैकी जुन्या घरांत अजूनही शहाबादी फरशी आढळते. ती काळवंडली की घरमालक ‘नीट धुवा’ म्हणतो आणि भाडेकरू ‘बदलून द्या’ म्हणतो. दोघांपैकी कोणाचे बरोबर, हे मात्र दोष फरशीच्या किती खोलीवर आहे हे पाहिल्यावाचून ठरवता येत नाही.

शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद या गावावरून तिला नाव मिळाले असून, भीमेच्या खोऱ्यात प्राचीन समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचे थर घट्ट होऊन हा दगड तयार झाला आहे. थराच्या रेषेत पहार घातली की त्याचे सपाट पत्रे सुटे होतात, आणि याच गुणामुळे तो फरशीच्या कामाला आला. हिंगोली जिल्ह्याचा स्वतःचा दगड काळा बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक. तो औंढा नागनाथच्या मंदिरासारख्या बांधकामाला बळकट, पण त्याचे असे पत्रे निघत नाहीत. 1956 पर्यंत हिंगोली आणि शहाबाद ही दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती, ही गोष्टही या दगडाच्या वाटचालीचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि हा पदार्थ आम्लात विरघळतो. लिंबाचा थेंब पडून राहिला तरी पॉलिश केलेल्या शहाबादीवर निस्तेज ठिपका उरतो. संडास धुण्याच्या द्रावणात तर हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते ओतताच फरशीवर फेस येतो. हा फेस मळ निघाल्याची खूण समजला जातो, पण वास्तविक तो दगड विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड वायू असतो. मळ जातो हे खरे, मात्र त्याच्याबरोबर पृष्ठभागाची गुळगुळीत कातडीही जाते, दगड खरबरीत होतो आणि पुढचा मळ अधिक लवकर धरतो, त्यामुळे आम्लाने धुतलेली फरशी काही महिन्यांत पूर्वीपेक्षा कळकट दिसू लागते. भाड्याच्या घरातील फरशीचे जितके नुकसान वापराने होते त्याहून अधिक अशा साफसफाईने होते, असे म्हणण्यास हरकत नाही. सौम्य साबणाचे पाणी, ताठ पण तारेचा नसलेला ब्रश आणि शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसणे एवढ्याने वरचा बहुतेक मळ निघतो. तेलाच्या डागासाठी खडूची भुकटी ओली करून तिचा जाड लेप रात्रभर ठेवतात. वाळताना ती भुकटी दगडात मुरलेले तेल वर ओढून घेते. हळदीचा डाग या जिल्ह्यात, जिथे वसमतची बाजारपेठच हळदीवर उभी आहे, स्वयंपाकघरापुरता राहत नाही. सोड्याने वा क्षारयुक्त साबणाने धुतल्यास तो लाल होतो, कारण हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीत रंग बदलते. पण हेच द्रव्य उन्हात टिकत नाही, म्हणून दाराजवळचा डाग काही दिवस ऊन लागू दिल्यास आपोआप फिका पडतो.

एवढा सगळा दोष पृष्ठभागावरचा झाला. त्याच्या खालचा दोष ओळखणे अधिक कठीण असते, कारण तो वरच्या दोषासारखाच दिसतो. पांढऱ्या डागांचेच उदाहरण घ्यावे. बोअरच्या जड पाण्याने रोज पुसलेल्या फरशीवर क्षारांचा पातळ पापुद्रा साचतो, आणि जोत्यातून वर चढणारी ओल सुकतानाही सांध्यांच्या कडेला पांढरी पूड सोडते, जिला लोणा म्हणतात. पहिला डाग पुसण्याचे पाणी बदलून थांबतो, दुसरा कितीही पुसला तरी पावसाळ्यानंतर परत येतो. दोन्हींतील भेद पाहण्यासाठी कोरड्या फरशीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल खालून येत आहे हे निश्चित समजावे. अशा घरात नुसती फरशी बदलणेही व्यर्थ ठरते, कारण नव्या फरशीच्या सांध्यांतूनही तोच लोणा फुटतो.

याहून खोल दोष जमिनीचा. कयाधू आणि पूर्णेच्या काठची काळी माती पाणी मिळताच फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. बांधताना जोत्यातील ही माती काढून पुरेसा मुरूम धुमस करून भरलेला नसेल, तर मातीबरोबर फरशीही वरखाली होते, सांध्यांतील सिमेंट निसटते आणि दगडाखाली पोकळी निर्माण होते. फरशी मिस्त्री ही पोकळी कानाने ओळखतो : हातोडीच्या दांड्याने दगडावर हलके ठोकले असता भरीव बैठकीवरचा दगड घट्ट आवाज देतो आणि पोकळ जागेवरचा बद्द वाजतो. 21 मार्च 2024 रोजी कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर परिसरात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. अशा धक्क्यांच्या भागात भेगेचे खापर भूकंपावर फोडण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु वैशाखात रुंदावणारी आणि भाद्रपदात मिटणारी भेग ही काळ्या मातीचीच समजावी.

बद्द वाजणारे दगड एका खोलीत दोनचारच असतील तर तेवढेच उचलून खालची बैठक भरून घेणे पुरते. पण निम्मी खोली बद्द वाजत असली तरी साफ करणे आणि बदलणे यांच्यामधला एक मार्ग शिल्लक असतो, आणि शहाबादीचे खरे वैशिष्ट्य तिथेच आहे. हा दगड सबंध जाडीभर एकच असतो, त्यावर झिलईचा वेगळा थर नसतो. म्हणून अखंड निघालेले दगड बाजूला रचून, खालची भर पुन्हा धुमस करून, पाणसळीने पातळी व मोरीकडचा ढाळ तपासून तेच दगड पुन्हा बसवता येतात, आणि झिजलेला पृष्ठभाग पॉलिश मशीनच्या कार्बोरंडम दगडांनी, आधी खरखरीत व मग क्रमाने बारीक कणांच्या, घासून उजळता येतो. मोझॅक टाइलला ही सवलत मर्यादित मिळते, कारण संगमरवरी चिपांचा थर तिच्या वरच्या अंगालाच असतो. झिलई दिलेल्या सिरॅमिक टाइलला ती मुळीच मिळत नाही; झिलई झिजली की ती टाइल संपली.

असे असूनही घरमालकांचा कल जुन्या फरशीवरच नवी व्हिट्रिफाइड टाइल चढवण्याकडे असतो. ही टाइल अतिशय उष्णतेत भाजलेली असून पाणी जवळजवळ शोषत नाही, तिचे डाग लवकर निघतात आणि घराला भाडेही बरे येते, हे सर्व मान्य करावे लागते. मात्र वाळू-सिमेंटच्या बैठकीसह जमीन दीड-दोन इंच उंच होते, दारे खालून तासावी लागतात, उंबरठा बुडतो आणि मोरीचे पाणी खोलीकडे वळण्याची भीती राहते. वरच्या मजल्यावर तर प्रत्येक चौरस फुटामागे सुमारे नऊ-दहा किलोचा भार छतावर कायमचा वाढतो. खालची बैठक पोकळच राहिली असेल तर ती महाग टाइलही त्याच रेषेत तडकते, आणि शाबूत असलेला, आणखी एक पिढी टिकणारा दगड तिच्याखाली गाडला जातो, ही हानी खेदजनकच म्हटली पाहिजे.

खर्चाची वाटणीही दोषाच्या याच खोलीप्रमाणे होते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 नुसार भाडेकरूने घर मिळाले त्या स्थितीत परत करावयाचे असते, पण रास्त वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. म्हणून चालण्याने गेलेली चकाकी त्याच्या अनामत रकमेतून कापणे योग्य नव्हे, आम्ल ओतून खरवडलेला दगड मात्र त्याच्या खात्यावर जातो. ओल, खचलेली भर आणि पोकळ बैठक ही मालकाची बाब. मराठवाड्यातील 1954 च्या हैदराबाद भाडे नियंत्रण कायद्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे, हा कायदा लागू असेल तेथे आणि करारात उलट काही ठरले नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याचे बंधन मालकावर आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केले तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. अकरा महिन्यांच्या परवाना करारात हे संरक्षण गृहीत धरता येत नाही, तिथे कराराचा मजकूरच निर्णायक ठरतो. त्यामुळे कोणत्या खोलीत किती दगड तडकलेले, किती बद्द वाजणारे आणि कुठे लोणा आहे, याची छायाचित्रांसह यादी कराराला जोडणे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे. करार लेखी असून त्याची नोंदणी झालेली असावी, असे याच अधिनियमाचे कलम 55 सांगते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी ते मालकावर टाकते, आणि नोंदणी नसलेल्या करारात, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरते.