तुळशीबागेपर्यंतची वाट

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या आईचे तुळशीबागेतल्या रामाचे रोजचे दर्शन थांबले. देवळेच बंद, तिथे कोण काय करणार? पुढे दीड वर्षाने, २०२१ च्या घटस्थापनेला, म्हणजे ७ ऑक्टोबरला, राज्यातली देवळे दुसऱ्यांदा उघडली. आईचे लशीचे दोन्ही डोस झालेले होते. आदल्या रात्रीच मी तिला विचारले, "आई, उद्या जायचं ना रामाला?" ती म्हणाली, "बघू."

दसरा झाला, दिवाळी झाली, तरी तिचे 'बघू' संपेना. वय ७९, रोगाची धास्ती घेतली असेल, असा अर्थ आम्ही लावला. सकाळचा चहा झाला की ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि खालचा रस्ता बघायची. अखेर एका दुपारी आमच्या सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता सहज विषय काढला, तेव्हा खरे कारण बाहेर आले. "अगं, जायचं मनात फार आहे. पण जाऊ कुठून? पाय ठेवायला वाट तर हवी!"

आमचे घर सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यामागच्या एका बोळात. तिथून शनिपार ओलांडून तुळशीबाग पाऊण किलोमीटरही भरणार नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून आई ही वाट चालत आली. चालता चालता तिची निम्मी कामे व्हायची. कुणाची विचारपूस, मंडईतून दोन जुड्या कोथिंबीर, वाण्याकडे निरोप. तिचे सगळे जग या पाऊण किलोमीटरवर वसलेले होते आणि ते हळूहळू गॅलरीएवढे झाले, हे एकाच घरात राहून आम्हाला कळले नव्हते.

मला ते पटलेही नाही. वाट नाही म्हणजे काय? मी रोज येतो-जातो की! तेव्हा आईनेच सुचवले, "एकदा माझ्याबरोबर चालून दाखव." नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी तिचा हात धरून निघालो.

पहिला अडथळा फाटकातच आला. फाटकासमोर एक स्कूटर आडवी उभी होती. तिच्या आणि भिंतीच्या मधून मी सराईतपणे अंग चोरून बाहेर पडलो. आई आत थांबली. तिचे गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, हातात काठी. तिला अंग चोरता येत नाही. ती शांतपणे म्हणाली, "ही तुझीच ना रे?"

माझीच होती. गेली कित्येक वर्षे मी ती तिथेच लावत होतो.

इथे थोडे आमच्या घराविषयी सांगायला हवे. पूर्वी इथे वाडा होता. वाड्यात सायकली होत्या, त्या चौकात भिंतीला टेकून राहत. मग लुना आली. मग नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली स्कूटर आली. तिची पूजा झाली आणि पेढे वाटले गेले. १९९४ मध्ये वाडा पाडून इमारत झाली. नकाशात तळमजल्यावर वाहनतळ होता. वर्षभरात त्यातला निम्मा भाग एका दुकानाचे गोदाम झाला आणि उरलेल्या निम्म्यात जो आधी येईल त्याची गाडी. आज आमच्या एकट्या घरात चार वाहने आहेत: माझी स्कूटर, मुलाची मोटारसायकल, सुनेची मोपेड आणि एक मोटार. ही मोटार आठवड्यातले सहा दिवस एका जागी उभी असते.

उभ्या मोटारीला जागा किती लागते, याचा हिशेब मी एकदा केला. पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद. म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. वाड्यातली आमची खोली दहा बाय बाराची होती. तिच्यात आम्ही सहाजण राहत होतो आणि तिचे भाडे भरत होतो. मोटारीची जागा खोलीपेक्षा मोठी, आणि ती रस्त्यावर फुकट!

असो. आम्ही बोळातून कुमठेकर रस्त्याला लागलो. पदपथ होता, पण त्यावर दुचाक्या दात लावल्यासारख्या ओळीने उभ्या होत्या. शनिपारापर्यंत मी मोजल्या, त्या ४६ भरल्या. शिवाय दुकानांच्या पायऱ्या, विजेची पेटी, एक उखडलेली फरशी आणि चहाची टपरी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या निकषांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे वितीपेक्षाही, कमी हवी. आमच्याकडे पदपथ चढायचा तर आईला माझ्या खांद्यावर भार द्यावा लागत होता. चार पावले झाली की समोर गाडी, पुन्हा खाली उतरायचे. तीनदा असे केल्यावर ती म्हणाली, "खालूनच चालू या." मग आम्ही रस्त्यावरून चालू लागलो आणि मागून भोंगे सुरू झाले.

पेठांतल्या गाडी लावण्याच्या नियमाची एक गंमत आहे. पी-१ आणि पी-२ च्या पाट्या सगळ्यांना पाठ असतात: एका बाजूला विषम तारखेला गाड्या, दुसऱ्या बाजूला सम तारखेला. कालनिर्णय बघितल्याशिवाय माणूस गाडी लावत नाही, असे हे बहुधा एकमेव शहर असावे! त्यातही ज्या महिन्याचे ३१ दिवस, त्याच्या शेवटी ३१ आणि १ या दोन विषम तारखा लागोपाठ येतात. मग एका बाजूचा दुकानदार "दोन दिवस आमच्याच दारात?" म्हणून कुरकुरतो आणि समोरचा मिशीत हसतो. मधूनच गाड्या उचलणारा ट्रक येतो. पोरे पटापट स्कूटर वर चढवतात आणि दुकानांतून, दवाखान्यातून, अर्ध्या दाढीनिशी सलूनमधून माणसे "आलो, आलो" करत धावतात. ट्रक वळला की पाच मिनिटांत ओळ पुन्हा भरते. या सगळ्या व्यवस्थेत गाडी कुठे ठेवायची याचा विचार झालेला आहे. माणसाने कुठून चालायचे, हा प्रश्न कोणत्याच तारखेला येत नाही.

शनिपाराच्या अलीकडे एका कोपऱ्यावर आईने नाकाला पदर लावला. तिथे पूर्वी कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी होती. शहर पेटीमुक्त करायचे म्हणून ती उचलली. कचरा मात्र आपली जागा विसरला नाही. मागच्या भिंतीवर देवादिकांच्या फरशा लावून झाल्या, तर लोक देवांना वगळून बाजूला पिशव्या ठेवू लागले.

वास्तविक आमच्याकडे घरोघरी कचरा न्यायला मावशी येतात. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच निघालेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबरच्या करारानुसार दारोदार कचरा गोळा करू लागली. ओला वेगळा, सुका वेगळा द्यावा, महिन्याला थोडे शुल्क द्यावे, एवढेच आपले काम. पण कुणाला ते शुल्क जड होते, कुणाची सकाळची वेळ चुकते, आणि मग रात्री फिरायला निघताना हातात पिशवी असते. घरातून कचरा गेला म्हणजे तो संपला, असे आपल्याला वाटते. तो कुठे जातो, हे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारावे. वर्षानुवर्षे शहराचा कचरा त्यांच्या शिवारात पडला, विहिरींचे पाणी नासले, आणि अखेर त्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या.

तुळशीबागेत पोचायला आम्हाला पस्तीस मिनिटे लागली. आईने रामाला हात जोडले आणि मग सभामंडपात ती बराच वेळ बसून राहिली. परत रिक्षाने आलो. एवढ्या जवळचे भाडे म्हणून दोघांनी नकार दिला, तिसरा तयार झाला.

तुम्ही म्हणाल, बसने का जात नाही? त्याच वर्षी जुलैत पेठांसाठी लहान वातानुकूलित गाड्यांची 'पुण्यदशम' सेवा निघाली होती, दहा रुपयांत दिवसभर कितीही फिरा अशी. आईला नावही आवडले आणि गाडीही. पण थांब्यासमोर दुचाक्यांची रांग असली की बस रस्त्याच्या मध्यावर उभी राहते, आणि तिथून वर चढणे हे काठीवाल्या बाईचे काम नव्हे. शिवाय थांब्यापर्यंत तरी चालावेच लागते.

कागदावर आपण मागे नाही. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण केले. २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सभेने वाहनतळ धोरण मंजूर केले; निवडक पाच रस्त्यांवर पैसे घेऊन गाड्या लावू द्याव्यात असे ठरले, आणि विरोध होऊन ते रखडले. त्या वेळी आमच्या भागात विरोधाचे एक पत्रक फिरले होते. त्यावर मीही सही केली होती. रस्ता आमचा, पैसे कसले मागता, असे मला मनापासून वाटले होते. 'आमचा' या शब्दात आई येते की नाही, याचा विचार सही करताना मी केला नव्हता.

त्यानंतर एक चांगला दिवस आला. ११ डिसेंबर २०२१. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग महापालिकेने वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला. मी आईला घेऊन गेलो. ती रस्त्याच्या ऐन मध्यातून चालली. प्रथम सवयीने दोनदा मागे वळून पाहिले. मग माझा हात सोडला. एका दुकानासमोर उभी राहून तिने साडी पाहिली, शेजारच्या बाईशी भावाबद्दल बोलली आणि पुढच्या चौकापर्यंत एकटी गेली. मी दहा पावले मागे होतो. संध्याकाळी रस्ता पुन्हा होता तसा झाला.

पुढे २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. आता मंडईतही स्थानक आहे. नातवाने आजीला हौसेने फिरवून आणले. सरकता जिना नको म्हणून उद्वाहनाने खाली नेले. घरी आल्यावर ती म्हणाली, "खाली किती लख्ख ठेवलंय रे! मंडईहून स्वारगेटला गेले ते कळलंसुद्धा नाही. कळलं ते मंडईहून घरी येताना."

मी सोसायटीच्या सभेत विषय काढला. फाटकापासून बोळाच्या तोंडापर्यंत दोन हात रुंदीची वाट मोकळी ठेवावी, एवढीच सूचना. तासभर खडाजंगी झाली. "मग आम्ही गाड्या डोक्यावर घ्यायच्या का?" एकाने विचारले. त्यांचेही खोटे नाही. रात्री दहाला दमून येणाऱ्या माणसाने शोधायची तरी किती? गोदामाचा विषय निघताच दोघे सभा सोडून गेले. अखेर अकरापैकी चार बिऱ्हाडे कबूल झाली. आम्ही मोटार विकली. तिच्या जागी, तळमजल्यात, माझी स्कूटर आणि सुनेची मोपेड गेली. लागेल तेव्हा भाड्याची गाडी आणतो, आणि ती वर्षाकाठी स्वस्तच पडते, असे हिशेबाअंती दिसले. फाटकापासून मी स्वतः चुन्याचा एक पट्टा ओढला. पावसात तो जातो, मी पुन्हा ओढतो. कधी त्यावर गाडी असते, कधी नसते.

आईने आता ऐंशी ओलांडली. रोज नाही, पण दर शनिवारी सकाळी सातला, दुकाने उघडायच्या आत आणि गाड्यांची रांग लागायच्या आत, ती तुळशीबागेला जाऊन येते. बरोबर कुणी ना कुणी असते. पट्ट्यावर गाडी उभी असली तर ती तिथेच थांबते आणि वर खिडकीकडे बघून हाक मारते, "अरे, कुणाची आहे ही?" तीन मजल्यांवरून एकदम डोकी बाहेर येतात. गेल्या शनिवारी मात्र तिला हाक मारावी लागली नाही.