परजीवीच्या अंगावरचा परजीवी



अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार असे बाण काढतो. त्यातून मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं : मोठा लहानाला खातो. परजीवींचं मात्र उलटं असतं. तिथे लहान मोठ्यावर जगतो आणि त्या लहानावर आणखी लहान! याचं उदाहरण आपल्या खिडकीत बसणाऱ्या कबुतराच्या पिसांत सापडू शकतं.

कबुतराच्या अंगावर एक चपटी, तपकिरी माशी राहते. स्यूडोलिंचिया कॅनॅरिएन्सिस हे तिचं शास्त्रीय नाव. नर-मादी दोघंही रक्त पितात. चपट्या अंगामुळे ती पिसांतून सरसर सरकते आणि चोचीत सहज सापडत नाही. कबुतरांना होणारा मलेरियासारखा आजार हीच माशी पसरवते, हे सर्जंट बंधूंनी १९०६ मध्ये अल्जीरियात दाखवून दिलं.

आता गंमत पाहा. या माशीच्याच अंगावर कधी कधी एक टिंबाएवढा जीव चिकटलेला असतो. तो म्हणजे माइट, कोळ्याच्या नात्यातला. मायलजेस हा त्याचा एक गट. यातले नर आणि पिल्लं पक्ष्याच्या कातडीवर राहतात. मादी मात्र माशीवर चढते, पुढच्या पायांच्या आकड्यांनी घट्ट रुतून बसते, माशीच्या शरीरातला द्रव शोषते आणि स्वतःभोवती अंड्यांचा पुंजका घालते. पिल्लं बाहेर आली की पुन्हा पक्ष्यावर उतरतात.

पण माशीच का? माइटला पंख नाहीत. माशी एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर उडत जाते, म्हणजे पिल्लांना नवं घर आपोआप मिळतं. पिसांतल्या काही उवाही अशाच माशीला धरून प्रवास करतात. पण त्या माशीला खात नाहीत. त्या नुसत्या प्रवासी, माइटची मादी मात्र परजीवी. हा फरक मुलांकडूनच काढून घ्या.

मग वर्गात विचारा : कबुतरमाशी परजीवी की यजमान? थोडा वाद होऊ द्या. उत्तर आहे, दोन्ही! कबुतरासाठी ती परजीवी, माइटसाठी यजमान. ‘परजीवी’ हे नातं कुणाशी, हे सांगितल्याशिवाय व्याख्या पूर्ण होत नाही.

एक सूचना : ही माशी माणसालाही चावू शकते. म्हणून मेलेलं कबुतर किंवा त्याचं घरटं मुलांना उघड्या हाताने हाताळू देऊ नका.