पोपट पाळण्याची हौस

माघ ते चैत्र या दिवसांत झाडांच्या ढोलींतून राघूचीं पिल्लें काढून आणण्याची चाल खेडोपाडीं आम्हीं नोकरीच्या काळांत पुष्कळ पाहिली आहे. परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें देशी पोपट धरणें, विकणें व घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. तो कणसें व पेरू फस्त करितो हें खरें. तरी राखण करून त्यास उडवावें, कोंडूं नये. ज्याचे घरीं राघू असेल त्यानें तो एकाएकीं सोडूंही नये. पिंजऱ्यांत वाढलेल्या पक्ष्याचा रानांत निभाव लागत नाहीं. तो वनखात्याचे स्वाधीन करावा.

हौसच असेल तर मूळचा ऑस्ट्रेलियांतील बजरीगर पाळावा. बाजारांत यासच चुकीनें 'लव्हबर्ड' म्हणतात. खरेदीची पावती जपून ठेवावी. हिरव्या जातींत चोंचीवरील कातडी नराची निळी व वयांत आलेल्या मादीची तपकिरी असते. जोडीस लाकडी पेटी किंवा मडकें टांगून द्यावें. मादी दिवसाआड एक याप्रमाणें ४ ते ६ अंडीं घालते. सुमारें १८ दिवसांनीं पिल्लूं निघतें व पांच आठवड्यांचें झालें म्हणजे पेटीबाहेर येतें. खाण्यास राळे, बाजरी व ताजा पाला, तसेंच चुन्यासाठीं समुद्रफेस ठेवावा. पाणी रोज बदलावें. पिंजरा चुलीचा धूर व मांजर यांपासून दूर असावा. वर्षांत दोन विणी झाल्या कीं पेटी काढून घ्यावी; नाहीं तर मादी खंगते.