‘प्रॉडक्ट मॅनेजर’ आणि त्याचे टिपण
मराठीत ‘उत्पादन’ हा शब्द क्रिया आणि वस्तू दोन्ही सुचवतो. त्यामुळे ‘उत्पादन-व्यवस्थापक’ म्हणताच कारखान्यातील अधिकारी डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः एखादी वस्तू कोणासाठी व कशी असावी, हे ठरवून ती तडीस नेण्याची जबाबदारी ‘प्रॉडक्ट मॅनेजर’कडे असते.

या पदाचे मूळ एका टिपणात शोधले जाते. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत ‘कॅमे’ साबणाच्या जाहिराती पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी प्रत्येक ब्रँडसाठी स्वतंत्र माणसे मागितली. ही माणसे नेमके काय करतील, तेही तीन पानांत लिहिले: खप कोठे कमी, कारण काय, उपाय कोणता. १९४८ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले.

विद्यार्थ्यांनी सध्याच्या नोकरीतील एखाद्या वस्तूविषयी वा सेवेविषयी असे टिपण लिहून पाहावे. विशेषणे मात्र टाळावीत.