एकट्याचा वेग

सातिवलीला महामार्ग सोडला की पहिलं काम टायरमधली हवा कमी करण्याचं. वसई रोड स्टेशनपासून इथवर सगळं डांबर आणि काँक्रीट. त्यावर 45 पीएसआय हवा असली की सायकल हलकी पळते. पुढच्या दगडांवर तीच हवा घातक ठरते. टायर कडक असलं तर प्रत्येक दगडावरून उसळतं, आणि उसळलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं. 30 च्या आसपास आणलं की तेच टायर दगडाच्या कंगोऱ्यावर दबतं आणि त्याला धरून पुढे सरकतं. फार खालीही जायचं नाही, नाहीतर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि एका दणक्यात शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. म्हणून व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडायची, अंगठ्याने टायर दाबून पाहायचं, मग पुन्हा थोडी सोडायची. शेजारून टेम्पो गाळ्यांकडे वळत असतात, रात्रपाळी संपलेले कामगार टपरीवर चहा घेत असतात आणि डोंगरावर नुकतं उजाडलेलं असतं.

वसई म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पश्चिमेचा भाग येतो. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलेला किल्ला, केळीच्या वाड्या, अर्नाळ्याचा किनारा, नाहीतर विरार लोकलची गर्दी. रुळांच्या पूर्वेला मात्र महामार्ग ओलांडला की लगेच डोंगर चढायला लागतो. तुंगारेश्वरचा माथा साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. इथल्या सुमारे 85 चौरस किलोमीटर जंगलाला 2003 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. दक्षिणेला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येला तानसा अभयारण्य, या दोहोंना सांधणारा हा दुवा. बिबट्या इथला कायमचा रहिवासी. इतक्या दाट वस्तीच्या शहराला लागून इतकं सलग रान शिल्लक आहे, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

या रानातून एक कच्ची गाडीवाट जाते. सातिवलीकडून चढते, तुंगारेश्वराच्या देवळावरून पुढे घाटाला लागते आणि पलीकडे पारोळला उतरते. मुंबई परिसरात माउंटन बाइक चालवणाऱ्यांच्या ती चांगल्या ओळखीची आहे. मी इथे एकटा येतो आणि हिवाळ्यात येतो. पावसाळ्यात इथले ओहळ बघताबघता फुगतात, माणसं वाहून जातात, आणि मग या ओहळांवर आणि जवळच्या चिंचोटीच्या धबधब्यावर जायला प्रशासन बंदी घालतं. ती बंदी योग्यच आहे. उन्हाळ्यात दमट उकाडा चढावर जीव काढतो. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते आणि ओहळात पाणी जेमतेम घोट्याइतकं.

वनखात्याच्या चौकीवर प्रवेशशुल्क भरून आत शिरलं की देवळापर्यंतचा तीन-चार किलोमीटरचा टप्पा सोपा आहे. श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. परशुरामाने इथे तप केलं अशी श्रद्धा आहे. एरवीच्या सकाळी पूजेचं सामान विकणारे आपली दुकानं उघडत असतात आणि माकडं त्यांच्यावर लक्ष ठेवून असतात. वाट ओहळ ओलांडते तिथे पाण्याखालचे दगड शेवाळलेले असतात. तिथे पॅडल थांबवायचं नाही, हँडल वळवायचं नाही आणि पुढचा ब्रेक तर दाबायचाच नाही. सायकल आधीच सरळ रेषेत आणून हलक्या गिअरवर सलग पाय मारत पलीकडे निघायचं.

खरा घाट देवळाच्या पुढे सुरू होतो. रहदारी संपते, वाट अरुंद होते, साग, ऐन आणि बांबू दोन्ही बाजूंनी जवळ येतात. पल्लवपुच्छ कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करत कुठेतरी वर बसलेला असतो. पायाखाली दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर थिजून झालेला हा खडक पावसापाण्याने फुटतो तेव्हा त्याचे मुठीपासून डोक्याएवढे सुटे धोंडे होतात. लाल मातीत रुतलेला धोंडा चाकाला आधार देतो आणि नुसता वर पडलेला दगा देतो. दोन्ही लांबून सारखेच दिसतात. फरक ओळखायची खूण म्हणजे रुतलेल्या दगडाच्या कडेला माती चिकटून असते, सुट्या दगडाच्या भोवती बारीक सावलीची रेघ असते. डिसेंबरनंतर सागाची मोठाली पानं वाटेवर पडू लागतात आणि ही खूणही झाकली जाते.

चढावर ताकदीपेक्षा तोल महत्त्वाचा. सगळ्यात हलका गिअर टाकून उभं राहून जोर केला की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते खडीवर गरगरतं. मागे रेलून बसलं तर पुढचं चाक उचललं जातं. म्हणून सीटच्या टोकावर सरकायचं, कोपरं खाली घ्यायची, छाती हँडलकडे न्यायची आणि पाय एकसारखे फिरवत राहायचे. झटका देऊन मारलेलं पॅडल इथे वाया जातं. नजर पुढच्या चाकावर ठेवली की चाक अडखळतं. ती दहा-पंधरा फूट पुढे ठेवावी लागते, आणि चाकाखाली जो दगड आत्ता आहे त्याचा निर्णय दोन श्वासांपूर्वीच झालेला असावा लागतो. हे शिकवून येत नाही, चढून चढूनच अंगात भिनतं. उतरून सायकल ढकलण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. जिथे चाक दोनदा गरगरलं तिथे मी पायउतार होतो. वाटेची माती उखडून ठेवण्यापेक्षा ते बरं, कारण उखडलेली माती पुढच्या पावसात वाहून जाते आणि मागे नुसते दगड राहतात.

वरच्या सपाटीवर पोचलो की सुकेळी काढतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात राजेळी केळी पिकवून, सोलून, कित्येक दिवस उन्हात वाळवून हा प्रकार करतात. गडद तांबूस, चिवट आणि दाट गोड. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांच्या शिदोरीत तो पूर्वापार असायचा आणि सायकलवाल्यासाठी त्याहून चांगला खाऊ मला तरी माहीत नाही. खिशात दबत नाही, उन्हात वितळत नाही, पोटाला जड होत नाही. सुकेळी करणारी घरं कमी होत चालली आहेत आणि तरणीताठी माणसं चकचकीत वेष्टनातल्या गोड वड्या महाग दराने विकत घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथून पुढे उतार. लोक चढणाऱ्याला शाबासकी देतात, पण या वाटेवर दिवसाचं खरं काम उतारात आहे, आणि एकटा असताना तर नक्कीच. घोळक्यात उतरताना पुढच्याच्या चाकाचा माग धरता येतो. तो सुखरूप गेला म्हणजे आपणही जाऊ. पडलो तर उचलायला कोणी असतं. एकट्याला यातलं काही नाही. दरीत मोबाइलला रेंज नसते, आणि पाय मुरगळला तर पारोळपर्यंतचं अंतर लंगडतच कापायचं असतं. म्हणून माझा वेग ना माझ्या पायांवर ठरतो, ना ब्रेकवर. या जागी पडलो तर इथून स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येईल का, एवढाच हिशेब. येईल असं वाटलं तर सायकल सोडतो. शंका आली तर हळू करतो. बरोबर कोणी असताना मी याच वाटेवर बराच जोरात उतरतो, आणि तरी त्या दिवशी वाट कमी दिसते.

उतारावर सीट खाली घ्यायची, दोन्ही पॅडल जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं सैल. दणका सायकलने सोसावा, अंगाने नाही. ब्रेकवर प्रत्येक हाताचं एकच बोट, बाकीची चार हँडलवर घट्ट. सतत ब्रेक दाबून घसरत येणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. वळणाच्या आधी, चाक सरळ असतानाच वेग मारायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. सतत दाबलेल्या ब्रेकची चकती तापते, पॅडवर काचेसारखी चकाकी चढते आणि नेमक्या गरजेच्या वेळी पकड सुटते.

या तापण्याचा इतिहास जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात 1976 च्या ऑक्टोबरमध्ये काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन एका कच्च्या रस्त्यावरून खाली शर्यत लावली. त्या सायकलींना उलटं पॅडल मारून लागणारा, चाकाच्या तुंब्यातलाच ब्रेक होता. उतार संपेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या फेरीआधी नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या शर्यतींत उतरणाऱ्यांपैकी जो ब्रीझ याने 1977 मध्ये खास या कामासाठी नवी सायकल बांधली. गॅरी फिशर आणि टॉम रिची यांनी असल्या सायकलींचा धंदाच उभा केला. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. त्यांचा तो रस्ता वणवा विझवायला जाणाऱ्यांसाठी काढलेला होता. माउंटन बाइकने सुरुवातीपासून दुसऱ्याच्या कामाची वाट उसनी घेतली आहे. इथेही तेच. ही वाट भाविकांच्या पायांनी, वनखात्याच्या गाड्यांनी आणि पाड्यांवरच्या माणसांच्या ये-जा करण्याने टिकली आहे.

पारोळच्या बाजूने वर येणाऱ्या बायका भेटतात, डोक्यावर सरपणाची मोळी. त्या दिसल्या की मी लांबूनच थांबतो, उतरतो आणि सायकल दरीच्या बाजूला धरून त्यांना डोंगराकडची बाजू देतो. ओझं घेऊन चाललेल्या माणसाला वाट सोडायला लावणं शोभत नाही. एकदा त्यांच्यातल्या वयस्कर बाईंना विचारलं, ‘मावशी, पुढे वाट कशी आहे?’

‘वळणावर दगड सुटलेत. उतरून जा, बाबा.’

‘सगळं वळण?’

‘आतल्या अंगानं बरं आहे. बाहेरच्या अंगाला जाऊ नको.’

वळणावर गेलो तर बाहेरची कड पावसाने पोखरलेली होती आणि वर सागाची पानं अंथरलेली. वरून पाहता ती बाजूच गुळगुळीत, निवडावीशी वाटणारी. मी आतल्या अंगाने सायकल हातात धरून चालत उतरलो. पायात साध्या चपला आणि डोक्यावर ओझं घेऊन रोज जिला तिथून जावं लागतं, तिला त्या वळणाचं जे कळतं ते माझ्या एकोणतीस इंची चाकाला आणि शॉक घातलेल्या फोर्कला कळत नाही. तेव्हापासून समोरून येणाऱ्या प्रत्येकाला मी पुढची वाट विचारतो.

पारोळला डांबर लागतं. तिथे पंप काढून टायरमध्ये पुन्हा हवा भरायची, नट-बोल्ट एकदा चाचपायचे, डिस्कवर पाण्याचा थेंब टाकून ती किती तापली आहे ते पाहायचं. हाताची बोटं आखडलेली असतात, मांड्यांपेक्षा मनगटं जास्त दुखतात. एका बाजूला शिरसाड, दुसऱ्या बाजूला उसगाव आणि वज्रेश्वरी. अंगात बळ उरलं असेल तर मी वज्रेश्वरीकडे वळतो. वसईची मोहीम फत्ते झाली तर देऊळ बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता आणि तो फेडला म्हणून हे मंदिर उभं राहिलं, असं सांगतात. जवळच तानसा नदीच्या काठाला अकलोलीची गरम पाण्याची कुंडं आहेत. हे ज्वालामुखीचं पाणी असावं असं पुष्कळांना वाटतं, पण दख्खनचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटली. पावसाचं पाणी खडकांतल्या खोल भेगांमधून खाली मुरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. गंधकाचा वास असतो. सोसवेल तिथवर मनगटं बुडवून बसायचं. बोटं मोकळी होईपर्यंत थांबावं लागतं, कारण परतीलाही ब्रेक दाबायचे असतात.

परतीचा रस्ता शिरसाडला महामार्गाला मिळतो आणि विरार फाट्याहून चंदनसारमार्गे विरार स्टेशन गाठायचं. शिरसाड ते विरार फाटा हा थोडासाच टप्पा, पण दिवसभरातला सगळ्यांत धोक्याचा तोच. बिबट्याच्या जंगलातून एकट्याने आलेल्या माणसाला मी हे आवर्जून सांगतो. डोंगरात माझा वेग मी ठरवत होतो. इथे तो मागून येणारा ट्रेलर ठरवतो. चढावरच्या खडीशी मला बोलता येतं, कंटेनरशी नाही. म्हणून उजेड असताना इथे पोचायचं, मागे लाल दिवा लावायचा, अंगात भडक रंगाचं जाकीट घालायचं आणि डाव्या कडेची पांढरी रेघ सोडायची नाही. ऊन उतरायला लागलं असेल तर मी अकलोलीला जातच नाही. पारोळहून थेट शिरसाड गाठतो.