पोपटाचं पिल्लू घरी आणताय? ते स्वतः दाणा खातं का, हे आधी बघा

उन्हाळा आला की बाजारात पुठ्ठ्याच्या खोक्यांत पोपटाची पिल्लं दिसू लागतात. अर्धवट पिसं फुटलेली, चोच उघडून ओरडणारी. विकणारा सांगतो, "लहान आहे तोवर घ्या, हाताने भरवा, मग बघा कसा बोलतो!" मुलं हट्ट करतात आणि खोकं घरी येतं. त्यातली बरीच पिल्लं आठवडाभरही जगत नाहीत. कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे भरवण्यातली चूक.

पण त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट.

आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्याभोवती कंठ असलेला राघू घरी पाळणं बेकायदेशीर आहे. "आमच्या आजीकडे वीस वर्षं होता की!" असं अनेक जण म्हणतील. असेलही, पण वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर राघू या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा करण पोपटही संरक्षित आहे. असा पक्षी पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोक्यातली ती पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात. राघूचं पिल्लू झाडाखाली पडलेलं सापडलं आणि ढोली हाताला येत असेल, तर त्याला परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत, हा निव्वळ गैरसमज आहे. ते जखमी असेल तर महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा.

मग पाळायचं काय? बजरीगर (ज्यांना आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो, ते बहुतेक वेळा बजरीगरच असतात), कॉकाटिएल आणि खरे लव्हबर्ड. हे मूळचे ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतले पक्षी असून पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले आहेत. सन कोन्युर, आफ्रिकन ग्रे, मकाव असे महागडे पक्षी घ्यायचे असतील, तर 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. विक्रेत्याकडे कागद नसतील तर तिथूनच परत फिरा.

आता भरवण्याकडे येऊ. पोपटाच्या पिल्लाच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला अन्नाची एक पिशवी असते. भरवलेलं आधी तिथे साठतं आणि मग हळूहळू पोटात उतरतं. सगळा खेळ या पिशवीचा आहे. खाणं गार असेल तर ते पिशवीतच थांबतं, आंबतं आणि पिल्लू मरगळतं. जास्त गरम असेल तर पिशवी आतून भाजते आणि ते काही दिवसांनी त्वचा काळी पडल्यावरच कळतं. योग्य तापमान साधारण 39 ते 41 अंश सेल्सिअस. बोट बुडवून हे समजत नाही, थर्मामीटर लागतोच. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, कारण मिश्रणात मधे-मधे चटके बसणारे भाग राहतात.

खायला काय द्यायचं? पिल्लांसाठी मिळणारी हँडफीडिंग पावडर. दूध-ब्रेड, दूध-बिस्कीट अजिबात नाही, पक्ष्यांना दूध पचत नाही. पिल्लाला पाठीवर झोपवून भरवू नका. ते उभं-बसतं असताना, त्याच्या डाव्या बाजूने सिरिंज चोचीत घालून उजवीकडे रोख ठेवा. पिल्लू मान वर-खाली हलवत गिळायला लागलं की मगच दाबा. ते गिळत नसताना दाबलं तर खाणं श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू काही मिनिटांत दगावू शकतं. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी भरवावं लागतं आणि ऊबही द्यावी लागते. पिसं भरत आली की दिवसातून तीनदा पुरतं. चोवीस तासांत एकदा, शक्यतो पहाटे, पिशवी पूर्ण रिकामी झालेली दिसली पाहिजे. तसं झालं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे वाचून घाबरायला झालं? बरंच झालं. कारण हे सगळं तुम्ही करायची गरजच नाही. "हाताने भरवलं तरच पक्षी माणसाळतो" हे विक्रेत्यांच्या सोयीचं वाक्य आहे, कारण पिल्लू लवकर विकलं की त्यांचा खर्च आणि मेहनत वाचते. स्वतः दाणे फोडून खाणारं कोवळं पिल्लूही रोज थोडा वेळ दिला की छान माणसाळतं. बजरीगर साधारण सहा-सात आठवड्यांचा, कॉकाटिएल नऊ-दहा आठवड्यांचा झाल्यावर घ्या. दुकानात उभं राहून तो स्वतः खातोय हे डोळ्यांनी बघा. बजरीगर कोवळा आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे: कपाळावरचे काळे पट्टे थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. पिवळ्या-पांढऱ्या पक्ष्यांत मात्र हे पट्टे दिसत नाहीत.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस त्याला हात लावू नका, फक्त पिंजऱ्याजवळ बसून बोला. नुसते दाणे देत राहिलात तर अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यामुळे राळा-बाजरीबरोबर गाजर, कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला द्या. मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही! अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा मात्र कधीच नाही.

स्वयंपाकघरापासून पिंजरा लांब ठेवा. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी थोड्याच वेळात मरतो. आणि पिंजरा उघडण्याआधी पंखा बंद! शक्यतो स्विचवर चिकटपट्टीच लावा.

पक्षी आजार लपवतो. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला असेल, श्वासाबरोबर शेपटी वर-खाली हलत असेल, तर उद्यावर ढकलू नका. पक्षी तपासणारे डॉक्टर सगळीकडे नसतात, म्हणून पक्षी आणायच्या आधीच नंबर शोधून ठेवा. नेताना छोट्या खोक्यात टॉवेल अंथरा आणि कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा.