फर्मवेअरच्या अर्धवट नोंदी

विंडोजवाला स्वस्तातला टॅबलेट घेऊन त्यावर लिनक्स चढवलं, की कधीकधी गंमत होते. बोट लावावं डाव्या कोपऱ्यात आणि दाबलं जावं भलतंच! कधी तर बोटाची दखलच घेतली जात नाही. टॅबलेट ठणठणीत असतो, ड्रायव्हरही शाबूत असतो. घोळ असतो तो फर्मवेअरमधल्या, म्हणजे यंत्रासोबतच आलेल्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या नोंदींत.

पेनड्राइव्ह आपली ओळख स्वतः देतो. टचस्क्रीनची चिप बहुधा मुकी असते. ती कुठे जोडली आहे, हे ऑपरेटिंग सिस्टिमला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. इंटेलच्या यंत्रांत हे काम फर्मवेअरमधले एसीपीआयचे तक्ते करतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये हे मानक आणलं. एआरएम चिपांच्या बोर्डांवर बहुधा ‘डिव्हाइस ट्री’ असते. माहिती तीच, पण मांडणी इतकी वेगळी की एकासाठी लिहिलेला ड्रायव्हर दुसऱ्यापुढे अडतो.

२०१५ च्या सुरुवातीला आलेल्या लिनक्स ३.१९ ने यावर तोड काढली. ड्रायव्हरने फक्त ‘या उपकरणाचा अमुक गुणधर्म काय?’ एवढंच विचारायचं. उत्तर एसीपीआयमधून आणायचं की डिव्हाइस ट्रीमधून, ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बघेल.

पण उत्तर कुठेच लिहिलेलं नसेल तर?

सिलेड कंपनीच्या टचस्क्रीन चिपांचं नेमकं हेच झालं. अनेक टॅबलेटांच्या एसीपीआयमध्ये ‘इथे चिप आहे’ एवढीच नोंद. बाकीचं विंडोजच्या ड्रायव्हरसोबत. सातबाऱ्यावर विहीर दिसावी, पण ती किती खोल हे जुन्या मालकालाच ठाऊक असावं, तसा प्रकार. शेवटी लिनक्सवाल्यांनी कर्नलमध्येच मॉडेलवार यादी ठेवली: पडद्याचे कमाल आकडे, कुठला अक्ष उलटा, कुठल्या अक्षांची अदलाबदल, चिपमध्ये चढवायच्या फाइलचं नाव. गुणधर्मांची नावं डिव्हाइस ट्रीचीच, ती चिकटवली एसीपीआयच्या उपकरणाला. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. जुगाड खरा, पण देखणा.

आता मॉडेल ओळखायचं कसं? फर्मवेअरमधल्या कंपनीच्या आणि यंत्राच्या नावावरून. काही कारखान्यांनी तिथे ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ हा कोऱ्या रकान्यातला मजकूर तसाच सोडलेला! मग बायोसची आवृत्ती किंवा तारीख ताडून बघावी लागते.

त्याहून मजेशीर भाग पुढेच आहे. एसीपीआयमधला कोड ऑपरेटिंग सिस्टिमला विचारू शकतो, ‘तू अमुक विंडोज आहेस का?’ लिनक्स बेधडक ‘हो’ म्हणतं, कारण कारखान्यात तपासलेली वाट तीच. ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नाला मात्र २००७ च्या २.६.२३ आवृत्तीपासून ते सहसा ‘नाही’ म्हणतं. उत्पादकांनी त्या प्रश्नामागे काहीबाही लिहून ठेवलं होतं.

स्नॅपड्रॅगन या एआरएम चिपांच्या लॅपटॉपांवर हे सोंगही चालत नाही. थिंकपॅड एक्स१३एसचं एसीपीआय वीजव्यवस्थेसाठी विंडोजमधल्या खास ड्रायव्हरवर विसंबून आहे. म्हणून लिनक्ससाठी त्याची वेगळी डिव्हाइस ट्री लिहावी लागली.

हा भुर्दंड खरं तर उत्पादकांनी सोसायला हवा. वर्णन यंत्राचं करायचं असतं, विंडोजच्या सोयीचं नव्हे. तोवर जुन्या टॅबलेटवर लिनक्स टाकण्यापूर्वी आपलं मॉडेल कर्नलच्या यादीत आहे का, एवढं बघून घ्यावं. नसेल तर कीबोर्ड-माउस हाताशी ठेवावा.